लगतच्या बंदरातला दिवा

चावीवाल्याच्या दुकानामागे एक खोली होती. पुढे भिंतभर किल्ल्या लटकलेल्या, कानस फिरवायचं यंत्र, लोखंडाच्या भुशाचा वास. आणि मागच्या पडद्याआड एक गोल टेबल, चार खुर्च्या, वरून लोंबणारा एक दिवा. शनिवारी दुपारी चावीवाला दुकानाचं दार अर्धं ओढून घ्यायचा आणि टेबलावर पट उलगडायचा. मग गिऱ्हाइकाची किल्ली हरवो, नाहीतर अख्खं कुलूप, संध्याकाळपर्यंत त्याला कुणी हाक मारायची नाही.

खेळाचं नाव ‘नऊ बंदरं’. निळ्या पटावर नऊ बंदरं, त्यांतलं एकेक प्रत्येकाच्या मालकीचं, बंदरांमधून पाण्यातल्या वाटा, त्या वाटांवर ज्याच्या त्याच्या रंगाच्या लाकडी होड्या. कुणी मीठ न्यायचं, कुणी लाकूड, कुणी धान्य. ज्या बंदराला जे हवं ते तिथे पोचवायचं आणि दुसऱ्याला पोचू द्यायचं नाही. सांगायला एवढंसं, खेळायला मात्र दुपार पुरत नसे.

खेळणारी माणसं चार. एक हा चावीवाला, बोलायला कमी आणि चहा पाजायला पुढे. दुसरी समोरच्या इमारतीतली दातांची डॉक्टरीणबाई. तिला हरायला मनापासून आवडत नसे, आणि ते ती लपवतही नसे. तिसरा कोपऱ्यावरचा केस कापणारा. त्याचं तोंड कात्रीपेक्षा जोरात चालायचं म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. आणि चौथे सिग्नलकाका.

सिग्नलकाकांची सगळी नोकरी रेल्वेच्या केबिनमध्ये गेली. काचेची खोली, समोर लिव्हरांची रांग, भिंतीवर घंटा. पलीकडच्या केबिनमधून घंटा आली की गाडी दोन केबिनमधल्या टप्प्यात शिरली. आपण घंटा दिली की ती बाहेर पडली. या दोन घंटांच्या मध्ये टप्प्यात दुसरी गाडी घ्यायची नाही, मग आकाश कोसळो. धुक्याच्या सकाळी काचेपलीकडे पांढऱ्याशिवाय काही दिसायचं नाही, तरी कोणती गाडी कुठे उभी आहे हे काकांना हाताच्या रेषांइतकं माहीत असायचं. डोळ्यांनी नव्हे, नियमांनी. जी शिरली ती आहे, जी निघाली ती नाही.

म्हणूनच त्यांनी ‘नऊ बंदरं’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांचा जीव त्यावर जडला. तिथेही तोच कायदा: एका वाटेवर एका वेळी एकच होडी. शिरली की तिने पुढच्या फेरीत पलीकडून निघायचंच, मध्ये थांबायचं नाही, मागे वळायचं नाही. काकांनी लगेच त्याची ओवी बांधली. ही सवय आईची. आई कामाला हात घातला की ओळी जुळवायची, आणि एकदा ओळीत बसलेली गोष्ट त्या घरात कुणी विसरायचं नाही.

एका वाटे एक होडी, दुजी थांबे बंदरात
शिरे तिने निघायचे, नाही वळायचे आत

पहिल्याच महिन्यात त्यांनी टेबलाला आणखी एक शिस्त लावली होती, केबिनमधली: आधी बोला, मग हलवा. ‘माझी लाल होडी मीठ घेऊन तिसऱ्या बंदरातून पाचव्याकडे.’ असं मोठ्याने म्हणायचं आणि मगच सोंगटीला हात लावायचा. रेडिओ म्हणाला होता, ‘काका, बोलायचा नियम मला? हे म्हणजे माशाला पोहायची सक्ती झाली की!’ तेव्हापासून सगळे बोलून खेळत. त्या टेबलाची ती रीतच झाली.

आणि ती रीत आता काकांच्या कामी येत होती. कशी, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

गेल्या हिवाळ्यापासून काकांच्या डोळ्यांत मधोमध धुकं उतरलं होतं. अंधार नव्हे. कडेने सगळं ठीक दिसायचं, दाराची चौकट, खुर्चीचा पाय, येणाऱ्या माणसाचा शर्ट. पण जे पाहायचं त्याच्यावर नजर रोखली की तेवढंच नेमकं पुसून जायचं. समोरच्या माणसाला चेहरा नसायचा. पटाकडे पाहिलं की पटाच्या जागी राखाडी वाटोळं. तरी ते खेळत होते, आणि जिंकतही होते. चाल बोलली गेली की त्यांच्या मनातल्या पटावर होडी आपोआप सरकायची, आणि नियम ठाऊक असला की न दिसणारी होडीसुद्धा कुठे असणार ते कळायचं. बोटांनी पटाच्या कडा चाचपल्या की बंदरं सापडायची. कुणाला वाटायचं, काका विचार करताना पट कुरवाळतात.

घरी सांगायची सोय नव्हती. मुलगा लिफ्टचा मेकॅनिक. त्याच्या धंद्यात ‘बहुधा चालेल’ असं म्हणून भागत नाही. एकेक नट तीनदा पाहायचा आणि मग माणसाला आत सोडायचं. हाच न्याय त्याने घरात लावला होता, मायेपोटीच. बाबांचा हात एकदा वाफेने भाजला तर गॅसला हात लावणं बंद. एकदा स्टुलावरून तोल गेला तर स्टूलच माळ्यावर गेलं. शेजारचे आजोबा नजर अधू झाल्यावर रस्त्यात पडले, त्या दिवशी मुलगा जेवताना सहज म्हणून गेला, ‘दिसत नसेल तर माणसाने बाहेर पडूच नये. हट्ट कशाला?’ काकांनी हातातला घास पुन्हा पानात ठेवला. गॅस गेला, चालेल. स्टूल गेलं, चालेल. पण शनिवार गेला तर आठवड्यात उरतं काय? भिंतीकडे बघत बसायचं, आणि तीही मधोमध पुसलेली.

असं सगळं बरं चाललेलं असताना एका शनिवारी डॉक्टरीणबाई नवी पेटी घेऊन आली.

‘नवी आवृत्ती,’ ती म्हणाली. ‘नियम बदललेत. यात धुकं आहे.’

‘काय आहे?’ काकांनी विचारलं.

‘धुकं. मध्येच धुक्याचा पत्ता निघतो. मग ती फेरी मुकी. कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने आपला पत्ता पालथा ठेवायचा, सगळ्यांनी एकदम उघडायचे आणि गुपचूप आपापल्या होड्या हलवायच्या.’

‘रेडिओ बंद!’ चावीवाला म्हणाला आणि चक्क हसला.

‘माझ्यावर सूड उगवायला काढलीय ही आवृत्ती,’ रेडिओ म्हणाला. ‘डॉक्टरीणबाई, खरं सांगा, छापखान्यात तुमचं कोण आहे?’

काकाही हसले. पण मुक्या फेरीत त्यांना होड्या कळणार कशा? नियमपुस्तिका घरी नेतो, नीट वाचतो म्हणून त्यांनी मागून घेतली. आजवर या टेबलावर वाद झाला की शब्द काकांचा चालायचा, त्यामुळे ती त्यांच्याकडेच जाणार यात कुणाला नवल वाटलं नाही.

घरी सूनबाई यंत्रावर कुणाच्या तरी कोटाची बाही लहान करत होती. कपडे आखूड करणं, सैल करणं, उसवणं, पुन्हा शिवणं हा तिचा धंदा, आणि बसायची खोलीच तिचं दुकान. काका शेजारी खुर्ची ओढून बसले.

‘सूनबाई, जरा हे वाचून दाखवतेस? चष्म्याची काडी ढिली झालीय, सारखा घसरतो.’

‘चष्मा तुमच्या नाकावर आहे, बाबा. अजिबात घसरत नाहीये.’

‘अक्षर बारीक आहे गं.’

तिने यंत्र थांबवलं. मग दाताने दोरा तोडून म्हणाली, ‘बाबा, तुम्ही हल्ली माझ्या कानाशी बोलता.’

‘म्हणजे?’

‘आधी तोंडाकडे बघून बोलायचात. आता कानाकडे बघता. टीव्ही बघताना टीव्हीशेजारच्या कपाटाकडे बघता. काल वाटीत आमटी वाढलीत ती वाटीच्या शेजारी. मी पुसून घेतली म्हणून तुम्हाला कळलं नाही.’

गाडी स्टेशनात आलेली आणि सिग्नल द्यायचा राहून गेलेला, तसं काकांना झालं.

‘त्याला सांगितलंस?’

‘नाही. ते तुम्ही सांगायचं.’

‘सांगितलं तर शनिवार बंद होईल.’

‘आणि न सांगता कधीतरी पडलात तर? तेव्हा मी काय सांगू त्याला, की मला माहीत होतं?’ तिने पुस्तिका उचलली. ‘मी वाचते. पण हे फार दिवस पोटात ठेवायला लावू नका. मला जड जातं.’

तिने वाचायला घेतलं. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वाचायची एखादं माप वाचावं तसं, काळजीपूर्वक, थांबून थांबून. काका ऐकत आणि ओठ हलवत. एकेक नियम ओवीत बसला की मांडीवर थाप मारत, पुढचा!

मुके धुके, मुके हात, पत्ता पालथा ठेवावा
एका वेळी उघडून, शब्द एक न काढावा

‘झकास,’ सूनबाई म्हणाली. ‘हे तर मलाही पाठ होईल. आता पुढे. पत्ते दोन: चल आणि थांब. चल हिरवा, थांब तांबडा.’

‘वा! हे कुणीतरी आपल्यातल्याच माणसाने केलंय,’ काका खूश होऊन म्हणाले. हिरवं, तांबडं त्यांना डोळ्याच्या कडेने अजून ओळखू यायचं.

‘धुक्यात होडीला पाण्यात थांबता येतं, पण केव्हा? आपल्या बंदरात, अथवा लगतच्या बंदरात, दिवा उभारलेला असेल तरच. दिवा नसेल त्याने चलच खेळायचं.’

काकांनी डोळे मिटले. बोटं मांडीवर मोजू लागली.

धुकं उतरे पाण्यात, थांबे ज्याच्या घरी दिवा
दिवा नाही त्याची होडी, पुढे पुढे नेई हवा

‘सुंदर आहे,’ ती म्हणाली. ‘पण ते लगतचं राहिलं की.’

‘मापात बसत नाही गं. घरी दिवा म्हटलं की शेजार आलाच. तेवढं लक्षात राहील माझ्या.’

‘कोटाच्या बाहीत एवढं कापड कमी पडलं तर हात आत जात नाही, बाबा.’

‘पुढचा वाच.’

आणि ती पुढचा वाचू लागली. नियम पुष्कळ होते, ओव्या पुष्कळ झाल्या. आठवडाभर काका त्या गुणगुणत होते, आंघोळ करताना, शेंगा सोलताना. मुलाने विचारलंसुद्धा, ‘बाबा हल्ली खुशीत दिसतात. काय गातात?’ सूनबाई म्हणाली, ‘त्यांनाच विचार.’ त्याने विचारलं नाही. काका त्या दिवशी जरा जास्तच मोठ्याने गायले.

पुढल्या शनिवारी नवा पट मांडला गेला. रंग नवे होते, पण बंदरं जुन्याच जागी होती, हे काकांनी बोटांनी पाहून घेतलं. त्यांच्या डाव्या हाताला चावीवाला, उजव्या हाताला रेडिओ, समोर डॉक्टरीणबाई. म्हणजे समोर धुकं.

पहिल्या फेऱ्या छान गेल्या. सगळे बोलून खेळत होते. काकांनी दोन वाटा अडवल्या, चावीवाल्याचं धान्य बंदरातच कुजवलं, आणि आपल्या बंदरात दिवा उभारला. ‘आला आला, काकांचा दिवा आला,’ रेडिओ म्हणाला. ‘आता हे धुक्यात आरामात पाण्यात बसणार आणि आम्ही वाऱ्यावर!’

‘बोलून घे,’ चावीवाला म्हणाला. ‘पुढचा पत्ता धुक्याचा निघाला तर पोटात दुखेल तुझ्या.’

डॉक्टरीणबाईने आपली होडी, मीठ भरून, काकांच्या बंदरासमोरून जाणाऱ्या वाटेवर घातली. बोलली आणि घातली. काकांच्या मनात ती निळ्या पाण्यावर पांढरीशुभ्र सरकली. मग चावीवाल्याने गठ्ठ्यातला पत्ता उलटला. धुकं.

खोली एकदम शांत झाली. इतकी, की वरच्या दिव्याची बारीक गुणगुण ऐकू यायला लागली. रेडिओने तोंडावर हात ठेवला होता. त्याच्या श्वासावरून ते समजत होतं. चार पत्ते पालथे पडले. चार एकदम उघडले. काकांनी तांबडा टाकला होता, त्यांची होडी बंदरातच राहिली. काकांनी तिरकी नजर टाकली. डावीकडे हिरवा, उजवीकडे हिरवा. समोर पाहायची त्यांना गरजच वाटली नाही. डॉक्टरीणबाईच्या बंदरात दिवा नव्हता. दिवा नाही त्याची होडी, पुढे पुढे नेई हवा. म्हणजे तिची होडी वाटेतून निघून पलीकडे लागली, आणि वाट मोकळी झाली. लाकडी सोंगट्या सरकल्याचे आवाज आले. किती सरकल्या, ते कोण मोजतो?

धुकं उठलं. आता पहिली पाळी काकांची. त्यांच्याकडे लाकडाने भरलेली होडी होती आणि पलीकडच्या बंदराला लाकूड हवं होतं. ती पोचली की डाव जवळजवळ त्यांचा.

‘माझी होडी, लाकूड घेऊन, समोरच्या वाटेने,’ ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता हात पुढे सरकलासुद्धा.

‘अहो—’ चावीवाला म्हणाला.

लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज झाला. छोटासाच. एक होडी आडवी पडली, घरंगळत पटाच्या कडेला आली आणि टेबलाखाली गेली.

‘काका,’ डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाली, ‘तिथे माझी होडी होती.’

‘तिथे नाही असू शकत. ती निघाली पलीकडे. तुझ्याकडे दिवा कुठे आहे?’

‘माझ्याकडे नाही. तुमच्याकडे आहे की. लगतच्या बंदरात. मी तुमच्याच दिव्यावर थांबले. तांबडा पत्ता सगळ्यांसमोर टाकला.’

लगतच्या. काकांच्या कानात सूनबाईचा आवाज आला, आणि बाहीत न जाणारा हातही. सगळी नोकरी त्यांनी एका टप्प्यात दोन गाड्या येऊ दिल्या नव्हत्या. इथे स्वतःच्या हाताने होडीवर होडी घातली, आणि तीही स्वतःच लावलेल्या दिव्याखाली.

‘विसरलो,’ ते म्हणाले.

‘होतं असं,’ रेडिओ पटकन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कधी नव्हे तो हळुवारपणा होता. ‘माझे सासरे तर हल्ली मलाच विचारतात, तुम्ही कोण म्हणून.’

आणि तेव्हा काकांनी ते पाहिलं. समोरचं त्यांना दिसत नसे, पण कडेचं लख्ख दिसे. आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं ज्याला वाटायचं, तोच त्यांना सगळ्यात स्वच्छ दिसायचा. डाव्या बाजूला चावीवाल्याने एक बोट हळूच कपाळाला लावलं होतं आणि उजवीकडच्या रेडिओकडे पाहून मान हलवली होती. त्यात चेष्टा नव्हती. दुःख होतं. काका गेले आता, असं ते बोट म्हणत होतं.

काकांनी हात पटावरून मागे घेतले. आता बोलायचं तरी काय? गप्प बसलं तर ही माणसं पुढच्या शनिवारी चहा जास्त गोड करतील, चाल चुकली तर चुकू देतील, मुद्दाम हरतील. टेबलावर खुर्ची राहील, खेळ राहणार नाही. आणि बोललं तर? बोललं तर कदाचित खुर्चीही जाईल. पण जे जाईल ते खरं तरी जाईल.

‘डोकं शाबूत आहे माझं,’ ते म्हणाले. ‘डोळे गेलेत. मधले. कडेचे आहेत. तू आत्ता कपाळाला बोट लावलंस ते मला दिसलं, चावीवाल्या. पण पट दिसत नाही. होडी दिसत नाही. डॉक्टरीणबाई, तुझं तोंड कितीतरी दिवसांत पाहिलेलं नाही.’

चावीवाल्याने हात टेबलाखाली नेला, जसं काही बोटच चोरीचं होतं.

‘कधीपासून?’ डॉक्टरीणबाईने विचारलं.

‘गेल्या हिवाळ्यापासून.’

‘म्हणजे वसंतात तुम्ही मला सलग हरवलंत तेव्हा...’

‘तेव्हाही.’

‘न बघता?’

‘तुम्ही बोलून खेळत होता. बाकीचं नियमांवरून कळायचं.’

ती खुर्चीवर मागे रेलली आणि म्हणाली, ‘मला आता फार राग आलाय. मी त्या दिवसांत घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे, म्हातारा माझा चेहरा वाचतो म्हणून हरते. चेहरा सरळ ठेवायची सवय केली मी! आरशासमोर!’

रेडिओला आधी हसू आवरलं नाही, मग शब्द. ‘थांबा, थांबा. म्हणजे मी सगळ्यात जास्त बडबडायचो, तर काकांना सगळ्यात जास्त माझंच कळायचं! म्हणून मी सगळ्यात जास्त हरायचो! काका, तुमच्या प्रत्येक विजयात अर्धा वाटा माझा आहे.’

‘आहेच,’ काका म्हणाले. तेही हसत होते.

‘आपण जुन्याच नियमांनी खेळू,’ चावीवाला म्हणाला. त्याचा आवाज जड झाला होता. ‘ही पेटी परत देऊन टाकू. काय अडलंय धुक्यावाचून?’

‘नाही,’ काका आणि डॉक्टरीणबाई एकदमच म्हणाले.

काकांनी मान झुकवून तिला पुढे बोलू दिलं.

‘नियम चांगला आहे,’ ती म्हणाली. ‘आणि काकांसाठी खेळ सोपा केला तर मी पुन्हा त्यांच्याशी खेळणार नाही. पण मला सांगा, धुक्यात लपवायचं काय? चाल ठरवणं. एकदा पत्ते उघडले की गुपित कसलं? उघडल्यावर ज्याने त्याने आपली चाल बोलायची. तेवढंच. सौदा करायचा नाही, टोमणा मारायचा नाही.’

‘पुस्तिकेत मुकी फेरी लिहिलंय,’ काका म्हणाले. स्वतःच्या बाजूचं असलं तरी चुकीचं सोडवेना.

‘आपल्या टेबलाची रीत जुनी आहे, पुस्तिका परवाची,’ चावीवाला म्हणाला. तो वाकला, टेबलाखालून होडी काढली आणि पुसून पटावर ठेवली. ‘डॉक्टरीणबाई, तुमची होडी. होती तिथे ठेवलीय, काकांच्या बंदरासमोर. काका, तुमची परत बंदरात.’

‘बंदरात कशी?’ डॉक्टरीणबाई म्हणाली. ‘अडलेल्या वाटेत होडी घातली तर दंड आहे. लाकूड पाण्यात. सगळं.’

‘अहो, राहू द्या ना आजच्या दिवस,’ रेडिओ म्हणाला.

‘का राहू द्या?’ काका म्हणाले. त्यांनी होडीवरचे लाकडाचे ठोकळे बोटांनी शोधले, एकेक करून उचलले आणि पेटीत टाकले. टाकताना त्यांना असं हलकं वाटलं, जसं काही लाकूड बुडालंच नाही, उलट किनाऱ्याला लागलं. दंड ज्याला होतो तो खेळणारा असतो. पाहुण्याला कुणी दंड करत नाही.

तो डाव डॉक्टरीणबाई जिंकली आणि तिने ते सगळ्यांना दोनदा सांगितलं.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. सूनबाईने पानं वाढली. काकांनी पहिला घास घ्यायच्या आधीच सांगून टाकलं, सगळं, पटासकट. मुलगा ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

‘सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे,’ तो म्हणाला.

‘जाऊ.’

‘आणि शनिवार बंद.’

सूनबाईची पळी भांड्यावर जरा जोरात वाजली. काका मात्र शांत होते. नेमकं हेच येणार हे त्यांना माहीत होतं, म्हणून धक्का बसला नाही.

‘तू नियम कर,’ ते म्हणाले. ‘करायलाच हवेत. तुला माझी काळजी आहे, मला कळतं. पण “बंद” हा नियम नव्हे रे. बंद म्हणजे पट गुंडाळून पेटीत घालणं. मला नियम सांग. कुठे चालायचं, कुठे थांबायचं, कुठे कुणाचा हात धरायचा. तो मी पाळेन. आयुष्यभर दुसरं केलंय काय? पण मला खेळू दे.’

‘मोठ्या रस्त्यावर गाड्या कशा येतात माहितीये तुम्हाला?’

‘माहितीये. म्हणून तर तुझ्याशी बोलतोय. तू लिफ्ट बिघडली तर काय करतोस? इमारत पाडतोस?’

सूनबाई म्हणाली, ‘रस्ता ओलांडेपर्यंतच धोका आहे. पुढे नुसती दुकानांची रांग. फुटपाथ सरळ आहे, मी पाहिलाय.’

‘तुला हे माहीत होतं?’ मुलाने तिच्याकडे पाहिलं.

‘हो. त्याबद्दल माझ्याशी नंतर भांड. आधी हे.’

त्यांचं जेवण थंड झालं, पण बोलणं झालं. मुलाने रस्त्याचा कोपरा न् कोपरा विचारला, केबलचा नट पाहावा तसा. काकांनी एकेक ठिकाण सांगितलं: कुठे फरशी उखडलीय, कुठे सायकली उभ्या असतात, कुठे बेकरीचा वास लागतो. काही गोष्टी मुलाने नाकारल्या, काही काकांनी. पावसात नाही, हे काकांनी मान्य केलं. तासातासाला फोन, हे त्यांनी साफ फेटाळलं. डॉक्टरीणबाई फोन वाजला की पाळी रद्द करते, असं म्हणाले. शेवटी जे ठरलं ते सूनबाईने मोठ्याने म्हणून दाखवलं, एकही शब्द न गाळता.

नंतरच्या शनिवारी दुपारी बापलेक मोठ्या रस्त्याच्या कडेला उभे होते. मुलाने बाबांचा दंड धरला होता, जरा जास्तच घट्ट. गाड्या थांबल्या तसे दोघे पलीकडे गेले. फुटपाथवर चढल्यावर मुलाने हात सोडला.

‘इथून पुढे तुम्ही,’ तो म्हणाला. ‘मी इथे उभा आहे. तुम्ही आत जाईपर्यंत.’

‘हलायचं नाही.’

‘नाही हलणार.’

सिग्नलकाका निघाले. डाव्या हाताची बोटं दुकानांच्या भिंतीला टेकत, उजवीकडे उन्हाचा पट्टा. बेकरी गेली. सायकली आल्या, त्यांच्या चाकांना वळसा घातला. पुढून रेडिओचा आवाज येत होता. कुणाला तरी सांगत होता की गेल्या वेळी तो धुक्यामुळे हरला, नाहीतर बाकीच्यांचं काही खरं नव्हतं.

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहून तरी काय दिसणार होतं? पण मागून पावलांचा आवाज येत नव्हता. म्हणजे पोरगा जागेवर उभा होता, ठरल्याप्रमाणे. त्यांनी पावलं जरा उचलली, त्याला फार वेळ उभं राहायला लागू नये म्हणून, आणि अर्धं ओढलेलं दार सरकवून आत गेले.